दिरांचा टायर घ्यावा की मुलाचा?

प्रश्न: नमस्कार. मी चिपळूणला राहते, शाळेत शिक्षिका आहे. 2018 च्या अखेरीस घेतलेली स्विफ्ट व्हीएक्सआय मीच चालवते. रोजचं गावातलं जाणं-येणं आणि दर पंधरा दिवसांनी कुंभार्ली घाटातून कराडला आईकडे, एवढंच काय ते फिरणं. मीटर 56,000 वर आहे. टायर गाडीबरोबर आलेलेच, 165/80 आर 14. गेल्या पावसाळ्यात घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर गाडी सरकल्यासारखी वाटली. पंक्चरवाला म्हणतो, नक्षी आहे अजून, वर्षभर आरामात निघेल. फार तर पुढचे दोन बदला. दीर टूरच्या गाड्या चालवतात. ते म्हणतात, टॅक्सीला घालतात तो 3,700 चा टायर घ्या, लाख किलोमीटर बघायला नको. पुण्यातला मुलगा म्हणतो, 5,900 चाच घे, पैशाचा विचार करू नकोस. दुकानदार मधला 4,300 चा पुढे करतो. त्यात कराडला 'नव्या गाडीचे काढलेले' टायर 2,000 ला मिळतात असं कळलं. ज्याचं ऐकावं त्याचं पटतं, म्हणून पंचाईत. काय करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर:

ताई, पंचाईत होणारच. सल्ला देणारा प्रत्येक जण आपापल्या गाडीबद्दल बोलतोय. तुमच्या गाडीबद्दल बोलायचं तर आधी एक छोटं काम करा.

उद्या सकाळी गाडीजवळ उकिडवं बसा आणि टायरच्या बाजूवर 'डीओटी' ही अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 4218 असतील तर तो टायर 2018 सालच्या 42 व्या आठवड्यात बनला. बाहेरच्या अंगाला आकडे दिसले नाहीत तर ते आतल्या अंगाला असतील. स्टिअरिंग पूर्ण वळवा म्हणजे पुढच्या चाकांचं आतलं अंग दिसतं. तुमच्या गाडीवर शेवटी 18 हाच आकडा निघणार. आता टायर जिथे रिमला टेकतो तिथून बोट फिरवा, आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी बघा. केसासारख्या बारीक भेगा दिसल्या नाहीत तर मला आश्चर्य वाटेल.

पंक्चरवाला खोटं बोलत नाहीये. खाचांमध्ये मधूनमधून जे छोटे उंचवटे असतात ते 1.6 मिलिमीटरवर बसवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की कारचा टायर कायद्याने बाद. तुमची नक्षी तिथवर आली नसेल. पण तो नक्षी मोजतोय, रबराचं वय मोजत नाहीये. रबर उन्हाने, हवेतल्या ऑक्सिजन-ओझोनने हळूहळू कडक होतं, गाडी दारात नुसती उभी असली तरी. कोरड्या रस्त्यावर ते फारसं जाणवत नाही. पाऊस पडला की जाणवतं. टणक झालेली जुनी रबरी चप्पल घालून शेवाळलेल्या जांभ्यावर चालायचं काय होतं, हे चिपळूणकरांना मी सांगायला नको. घाटात गाडी सरकली त्यात या वयाचा मोठा वाटा असणार, त्यामुळे 'अजून एक वर्ष' हा पर्याय माझ्या लेखी नाही. पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावेत आणि सहा-सात झाली की नक्षी कितीही दिसो, बदलावेत.

आता दिरांकडे वळू. त्यांचं गणित त्यांच्यापुरतं शंभर टक्के बरोबर आहे. टूरची गाडी वर्षाला 50-60,000 किलोमीटर सहज पळते. लाख किलोमीटर चालणारा टायर त्यांचा दोन वर्षांत संपतो. रबर म्हातारं व्हायच्या आत नक्षी जाते. त्यांना टिकाऊपणाच हवा, आणि त्याचे पैसे ते वसूल करतात. तुमची गाडी वर्षाला 8,000 च्या आत पळते. लाख किलोमीटर व्हायला तुम्हाला बारा वर्षं लागतील! तोवर तो टायर लाकूड झालेला असेल. म्हणजे त्यातला निम्मा टिकाऊपणा तुम्ही नक्षीसकट भंगारात टाकणार.

आणि हा टिकाऊपणा फुकट मिळालेला नसतो. टायर बनवताना तीन गोष्टींची ओढाताण चालते: तो किती टिकतो, ओल्या रस्त्याला किती धरून राहतो आणि किती हलका फिरतो, म्हणजे पेट्रोल किती कमी खातो. एक वाढवायला गेलं की दुसरं घटतं. टॅक्सीच्या टायरमध्ये पारडं टिकाऊपणाकडे झुकवलेलं असतं, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा ओल्या रस्त्यावरच्या पकडीतून चुकती होते. नेहमीच्या नुसत्या काजळीऐवजी सिलिका (वाळूत असते ती) घातलेलं रबर ही ओढाताण बरीच सैल करतं; ओल्यात धरतंही आणि हलकंही फिरतं. पण ते मिसळायला किचकट आणि महाग. महागड्या टायरच्या किमतीत खराखुरा माल कुठे असेल तर तो इथे, रबराच्या मिश्रणात आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचांच्या रचनेत. उरलेली किंमत आवाज कमी असण्याची, आणि थोडी नावाची.

म्हणून लोक सहसा करतात त्याच्या नेमकं उलट माझं म्हणणं आहे. 'आमचं फिरणं कमी, आम्हाला कशाला महागाचा टायर' असं म्हणतात. अहो, फिरणं कमी आहे म्हणूनच तुम्हाला टिकाऊपणाची चिंता नाही. तुम्ही निर्धास्तपणे पकड विकत घेऊ शकता. 3,700 आणि 5,900 मध्ये एका टायरमागे 2,200 चा फरक, चारांचे 8,800. सहा वर्षांवर वाटले तर महिन्याला सव्वाशेच्या आत. चिपळूणचा पाऊस आणि कुंभार्लीची वळणं बघता हा खर्च मला जड वाटत नाही.

मुलाच्या बाजूने कौल दिला खरा, पण त्यालाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक, कंपनी बघून टायर घेऊ नये, मॉडेल बघून घ्यावा. एकाच कंपनीच्या दुकानात टॅक्सीचाही टायर असतो आणि पकडीचाही. जेकेचा टॅक्सीमॅक्स कोणासाठी आहे हे नावावरूनच कळतं. सिएटचा मायलेझ, अपोलोचा अमेझर फोरजी लाइफ हेही टिकाऊपणावर विकले जाणारे. परदेशी नाव म्हणजे आयात माल असंही नाही. ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला आहे, गुडइयरचा वाळूजला. उलट व्रेडेस्टाइन हे डच नाव 2009 पासून आपल्या अपोलोच्या मालकीचं आहे. त्यात तुमचं माप 14 इंची, छोट्या गाड्यांचं. या मापात बड्या कंपन्यासुद्धा त्यांचा सगळ्यात भारी माल आणत नाहीत, त्यांच्या शिडीवरची मधली पायरी आणतात. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न 'कोणती कंपनी चांगली' हा नव्हे. 'यात टॅक्सीवाला मॉडेल कोणता आणि ओल्यात चांगला कोणता' हा विचारा. दुकानदार अनुभवी असेल तर उत्तर सरळ देतो. तो दाखवतोय तो 4,300 चा टायर नेमका कुठल्या गोटातला, हेही तेव्हाच कळेल.

टायरवर चिकटवलेल्या ताऱ्यांवर मात्र जाऊ नका. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे ते तारे टायर किती हलका फिरतो, म्हणजे इंधन किती वाचवतो ते सांगतात. ओल्यात गाडी किती अंतरात थांबेल याचा त्यात हिशोब नाही. ओल्या पकडीची किमान अट केंद्राने 2022 मध्ये नियमात घातली. पण ती किमान अट झाली. अटीच्या जेमतेम वर असलेला टायर आणि बराच वर असलेला टायर दुकानात शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच दिसतात.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि ती मला किमतीपेक्षा महत्त्वाची वाटते. महागडा टायर छोट्या मापात, तालुक्याच्या गावात रोज खपत नाही. तो रॅकवर पडून राहतो. तुम्ही 5,900 मोजले आणि हातात दोन वर्षांपूर्वीचा माल आला तर दोन वर्षांचं म्हातारपण तुम्ही पैसे मोजून घेतलंत. सहा महिन्यांच्या आतला असेल तर डोळे मिटून घ्या, वर्षाच्या आतला असेल तरी चालेल. त्याहून जुना असेल तर 'ताजा मागवा' म्हणा. मागवत नसेल तर ताज्या तारखेचा 4,300 चा घ्या, फक्त तो टॅक्सीचा नाही एवढी खात्री करून. त्यात मला काहीही कमीपणा वाटणार नाही.

कराडच्या 2,000 च्या टायरबद्दल. नवी गाडी घेतल्या घेतल्या अलॉय व्हील आणि रुंद टायर घालणारे हौशी लोक असतात, त्यांचे मूळचे टायर बाजारात येतात, हे खरं आहे. त्यातला एखादा खरंच कोरा असतो. रबराचे बारीक केससुद्धा त्यावर शाबूत असतात. पण 'नव्या गाडीचे काढलेले' म्हणून विकले जाणारे सगळे तसे नसतात. झिजलेल्या टायरमध्ये गरम पात्याने खाचा खोल करून, काळं पॉलिश मारून ठेवलेले मी बघितलेत. खाच कापल्यावर खालच्या तारांच्या जाळीवर रबराचा पापुद्रा उरतो. बाजूला बसलेला मार, आतून लावलेलं ठिगळ बाहेरून दिसत नाही. घाट चढउतार करणाऱ्या गाडीला हे नकोच. याच ओघात, कोणी स्वस्त चायनीज टायर पुढे केला तर जून 2020 पासून टायरच्या आयातीला सरकारी परवाना लागतो हे लक्षात ठेवा. समोरचा माल त्याआधीचा शिल्लक असू शकतो. आयएसआयची खूण नसेल तर हातही लावू नका.

आता 'फार तर पुढचे दोन बदला'. हे वाक्य महाराष्ट्रात कुठल्याही पंक्चरच्या दुकानात ऐकू येईल, आणि ते नेमकं उलटं आहे. स्विफ्टचं इंजिन पुढची चाकं ओढतं, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा मोठा भार पुढे; पुढचे टायर आधी झिजतात म्हणून नवे पुढे घालायचे, असा तो हिशोब. आता घाट उतरताना ओल्या वळणाचा विचार करा. पुढे नवे, मागे जुने. तुम्ही ब्रेकला पाय लावलात, गाडीचं वजन पुढे झुकलं, मागची चाकं हलकी झाली. पुढची चाकं रस्ता धरून वळतायत आणि मागची धरत नाहीयेत. गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं आणि गाडी गरकन फिरते. हे इतक्या पटकन होतं की सराईत ड्रायव्हरलाही सावरत नाही. याउलट पुढची पकड सुटली तर गाडी वळणात सरळ जायला बघते. तेही धोक्याचंच, पण पाय उचलला, वेग उतरला की गाडी पुन्हा ऐकायला लागते. म्हणून दोनच टायर नवे घ्यायची वेळ आली तर ते मागे घालायचे आणि मागचे पुढे आणायचे. दुकानातला पोऱ्या तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू दे. अर्थात तुमच्या गाडीचे चारही एकाच वयाचे आहेत, तेव्हा चारही बदला. पैशाची ओढ असेल तर दोन महाग आणि दोन जुने ठेवण्यापेक्षा चार मधले घ्या.

स्टेपनी राहिली. ती कधी रस्त्याला लागली नसेल, पण वय तिचंही तेच. पंक्चर झालं तर जवळच्या दुकानापर्यंत सावकाश जायला चालेल, कराडपर्यंत नको. तिच्यात हवा आहे का, हे मात्र आजच बघा. बहुतेक गाड्यांत नसते.

दुकानात गेल्यावर आत एसीत बसू नका, चाकाजवळ उभ्या राहा. चारही टायरवरचे आकडे स्वतः वाचा. तीन ताजे आणि एक जुना असा संच सहज खपवला जातो. माप 165/80 आर 14 हेच हवं. त्यापुढे वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर असतं. या मापात सहसा 85 दिसतो, म्हणजे एका टायरला 515 किलोपर्यंत भार, आणि एस किंवा टी, म्हणजे ताशी 180 किंवा 190. जुन्यावर जे असेल त्याहून कमीचं घ्यायचं नाही, जास्त वेगाच्या अक्षरासाठी पैसे मोजायची गरजही नाही. व्हॉल्व्ह नवे घालायला सांगा. रबरी व्हॉल्व्ह किरकोळ किमतीत येतो आणि टायरइतकाच म्हातारा झालेला असतो. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोन्ही करून घ्या. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीला महागडा टायर घातला तर तो एका कडेने झिजून वर्षभरात वाया जातो. बिलावर टायरचे नंबर लिहून घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी हात चोळत बसाल. आणि भाव करताना लक्षात असू द्या की 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. तुम्हाला सांगितलेले दर त्यानंतरचे आहेत ना, हे विचारायला लाजू नका.

नायट्रोजन फुकट मिळत असेल तर भरा, नसेल तर साधी हवा उत्तम. हवेत तीन चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजनच असतो.

हवा किती भरायची ते पंप चालवणाऱ्या मुलाला विचारू नका. तो सगळ्यांना एकच आकडा सांगतो. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर पुढचा-मागचा आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा लिहिलेला असतो. टायर गार असताना, सकाळी, तेवढी हवा. तुमच्या दिरांना हे विशेष करून सांगा, कारण ते समृद्धी महामार्गावर जात असतील. सिमेंटच्या रस्त्यावर टायर तापतो म्हणून निघताना हवा चार पॉइंट कमी ठेवायची, ही समजूत टूरवाल्यांत घट्ट बसलेली आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो आणि उठतो, त्याची बाजू सतत मुडपत राहते, आणि त्यामुळेच तो अधिक तापतो. ताशी 120 च्या वेगाने, भर उन्हात, माणसं आणि सामान भरून तासन् तास असं चाललं की बाजू फाटते. तेव्हा टायर 3,700 चा होता की 5,900 चा याने काही फरक पडत नाही. वाटेत थांबून तापलेल्या टायरमधली हवा सोडणं हाही तोच प्रकार; गरम असताना दाब वाढलेला दिसणारच, तो धरूनच स्टिकरवरचा आकडा दिलेला असतो.

महागड्या टायरची एक उणी बाजूही ऐकून ठेवा. आरामासाठी काहींची बाजू मऊ ठेवलेली असते, आणि खड्ड्याच्या धारेवर जोरात आदळली की आतले धागे तुटून तिथे फुगा येतो. तुमच्या 80 च्या मापात (165/80 मधला 80, म्हणजे रुंदीच्या 80 टक्के उंची) टायरची उंची भरपूर असते, त्यामुळे 15-16 इंची, चपट्या टायरच्या गाड्यांपेक्षा हा धोका कमी. पण खड्ड्यात चाक जाणारच असं दिसलं तर ब्रेक आधी मारा आणि चाक आत जाताना सोडा. फुगा आलाच तर तो टायर दुरुस्त होत नाही. वल्कनायझिंग करून देतो म्हणणारा भेटेल, त्याला नमस्कार करून पुढे जा.

पहिले 200-300 किलोमीटर जपून चालवा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला गुळगुळीतपणा नव्या टायरच्या अंगावर असतो, तो निघून जावा लागतो. त्यामुळे टायर घालून थेट घाटात शिरू नका. आधी आठवडाभर शाळेत जा-ये करा, चाकाचे नट एकदा पुन्हा आवळून घ्या, मग कराड.

जुने टायर दुकानदार दोन-तीनशे रुपयांना परत घेतो. देताना त्यांच्या बाजूला कटरने आडवी चीर मारायला सांगा, तुमच्यासमोर, म्हणजे ते पॉलिश मारून पुन्हा कोणाच्या गळ्यात पडणार नाहीत. तो कुरकुरेल, भाव पाडेल. पाडू दे. मे अखेरीस सगळ्या चिपळूणला एकदम टायरची आठवण होते आणि मग असेल तो माल गळ्यात मारला जातो, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच ऑर्डर देऊन ठेवा. तारीख सहा महिन्यांच्या आतली हवी, हे ऑर्डर देतानाच बजावा आणि ॲडव्हान्स त्यानंतर काढा.